ज्यांची नावे कुणी लिहिली नाहीत



अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ओकीचोबी नावाचे अफाट सरोवर आहे. पसारा सुमारे १,९०० चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली नऊ फुटांच्या आसपास. त्याच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्सची दलदल पसरलेली. तिथेच काठावर बेल ग्लेड हे छोटे गाव आहे. बास मासे धरण्यासाठी आजही तिथे लांबून लोक येतात.

कालवे खणून दलदलीचे पाणी काढले, तेव्हा खालची काळी कसदार माती वर आली. भाजीपाला पिकू लागला. राबायला आले ते कृष्णवर्णीय मजूर, कित्येक बहामा बेटांवरून. त्यांची घरे म्हणजे सखल भागातल्या कच्च्या झोपड्या.

१६ सप्टेंबर १९२८ च्या रात्री चक्रीवादळ आले. सरोवराचा ठेंगणा मातीचा बांध फुटला आणि पाणी झोपड्यांवरून गेले. किमान अडीच हजार माणसे मेली. त्यांतले बहुसंख्य हेच मजूर.

पाणी ओसरले, भेदभाव ओसरला नाही. प्रेते उचलायला काळ्या माणसांना सक्तीने जुंपले. शवपेट्या मिळाल्या त्या गोऱ्यांना. वेस्ट पाम बीच शहरात ६९ गोऱ्यांना रीतसर दफनभूमीत जागा मिळाली. ६७४ काळ्यांना दुसरीकडे एकाच खड्ड्यात पुरले. तिथे साधा दगडही बसवला नाही. पुढे ती जमीन विकलीसुद्धा गेली! लोकांनी आवाज उठवल्यावर २००० साली शहराने ती परत घेतली आणि २००२ मध्ये तिची राष्ट्रीय वारसास्थळांत नोंद झाली. त्यासाठी सत्तरहून अधिक वर्षे लागली.

वेगळे स्मशान म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पण आणखी एक गोष्ट मनाला लागते. या मजुरांपैकी कित्येकांची खरी नावे कुणालाच ठाऊक नव्हती. हंगामापुरते आलेले, टोपणनावाने हाक मारले जाणारे. कुठल्या वहीत त्यांची नोंद असणार? म्हणून मेलेल्यांचा नेमका आकडाही कधी लागला नाही.

आपल्याही घरात कुणी गिरणीत, कुणी ऊसतोडीला, कुणी रेल्वेच्या गँगमध्ये राबले. त्यांची पूर्ण नावे, गाव, काम आणि साल मुलांकडून एका वहीत लिहून घ्या. आजी-आजोबा सांगायला आहेत तोवरच हे काम करा. आपण लिहिले नाही, तर दुसरे कोण लिहिणार?