दगडाला कशाला दोष देता?

किल्लारीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "दगडानं माणसं मारली हो!" हे ऐकलं की माझं डोकं सटकतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटेचे चारही वाजले नव्हते. हजारो माणसं गेली. पण ती घरं कशी होती ते आठवा ना. आत लाकडी खांब-तुळयांचे खण, वर मातीचं जडशीळ माळवद. बाहेर दोन-अडीच फूट जाडीच्या, चिखलात रचलेल्या भिंती. अशा भिंतीला दोन पदर असतात, आतला नि बाहेरचा, मधे चिपा आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. खांब भिंतीला खेटून उभा, पण बांधलेला नाही. शेजारी राहून बोलणं नसलेल्या भावांसारखे! हादरा बसला, पदर सुटले, भिंती फुगून कोसळल्या. कित्येक घरांत लाकडी सांगाडा मात्र तसाच उभा होता.

हीच दगड-लाकडाची जोडी हिमाचलात पाहा. तिथल्या काठकुणी घरात देवदाराच्या तुळया आणि सुके दगड थरावर थर रचतात. भिंतीच्या दोन्ही अंगांनी तुळया जातात, मधे आडव्या लाकडांनी एकमेकींना जखडलेल्या, कोपऱ्यात एकमेकींत अडकवलेल्या. हादऱ्यात भिंत थोडी हलते, घासते, पण फुटत नाही. १९०५ साली कांगड्याचा प्रचंड भूकंप झाला, कुलू खोऱ्यातला नग्गरचा किल्ला त्यातून तगला.

लगेच "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. किल्लारीची घरंही पूर्वजांचीच होती. हिमालयातल्या माणसाला जमिनीचा भरवसा नव्हता, आपल्याला नको इतका होता, एवढंच.

माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, भिंतींना चारी बाजूंनी पट्टा बांधा, खांब-तुळईला तिरपे टेकू द्या. हे उपाय त्या भूकंपानंतरच सांगून झालेत. ऐकलं कुणी? परवा एका गावात जुनं माळवद पाडून, त्याच चिखलाच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकलेला पाहिला. खांब विकून टाकले म्हणे, सागवानाला भाव चांगला आला. घरमालक कौतुकानं सांगत होते, "आता पक्कं झालं बघा घर."