दारू सुटली, आता गावाची पाळी



दारूपायी रान गहाण पडलेला एखादा गडी बहुतेक गावांत सापडतो. घरचे कसेबसे पैसे उभे करून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेतात. महिन्याभराने तो परत येतो. हाताचा थरकाप गेलेला, चेहऱ्यावर तजेला. पण पाथरीच्या स्टँडवर उतरतो तोच कोणीतरी म्हणतं, "काय रे, खरंच सुटली का? बघू किती दिवस टिकतंय!" दुसरा म्हणतो, "घे की, एका घोटानं काय होतंय?" आपल्यासाठी ती थट्टा असते, गड्याचा जीव मात्र तिथेच खचतो.

"त्यानंच मनावर घेतलं पाहिजे," असे आपण म्हणतो. खरे आहे. पण ऊस लावला की आपण त्याला वाऱ्यावर सोडतो का? आंबवणीचे पाणी देतो. चार ठिकाणी तूट पडली तर रान मोडत नाही, नांग्या भरतो. माणसाच्या निश्चयालाही असेच पाणी लागते. दारूचे व्यसन हा आजार आहे. त्यात पाय घसरू शकतो. एकदा घसरला म्हणून सगळे वाया गेले, असे मानू नका; पुन्हा उपचाराला न्या.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला देणगीचा हात दिला. तिथला उपचार साधारण ३५ दिवसांचा. पण काम तेवढ्यावर संपत नाही. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो, घरी गेल्यावरही पाठपुरावा होतो, आणि बरे झालेलेच नव्यांना आधार देतात. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरण्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभी राहिली. तिच्या सभा आज महाराष्ट्रातही भरतात, फी लागत नाही. "फक्त आजचा दिवस प्यायची नाही," एवढाच त्यांचा नेम.

मग आपण काय करावे? घरच्यांनी जुने उकरून काढू नये. पाण्याची पाळी, बैलांची वैरण अशी कामे विश्वासाने सोपवावीत. कापसाच्या पट्टीचे पैसे आणायला पहिले काही महिने सोबत कोणीतरी जावे. त्याला विचारून, चोर समजून नव्हे. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. खचलेल्या माणसाच्या हाताशी विष नको. जेवणात चोरून औषध कालवू नये, ते जिवावर बेतू शकते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी मोफत फोन आहे.

सरपंच, पोलीस पाटील यांना विनंती अशी, की अशा गड्याला सप्ताहाच्या पंगतीत, ग्रामसभेत मानाने बोलवा. लग्नकार्यात, पोळ्याला त्याच्यापुढे पेला धरणाऱ्याला चारचौघांत अडवा. गावात दारू सोडून चार वर्षे झालेला कोणी असेल, तर त्याची गाठ घालून द्या. त्याच्या दोन शब्दांना आपल्या भाषणापेक्षा वजन असते.

केंद्रातून सुटलेला माणूस शेवटी आपल्याच पारावर येऊन बसतो. त्याला तिथे थोडे सरकून जागा द्या.