रजा आईची आणि बापाची

मूल जन्मले की सोयर आईला लागते तसे बापालाही लागते. दहा दिवस त्याने देवपूजा करायची नाही, देवळाची पायरी चढायची नाही. शास्त्रकारांनी बापाला देवाच्या सेवेतून दहा दिवसांची रजा न मागता दिली. कचेरीला आणि कारखान्याला मात्र सोयर नसते. बाळंतीण इस्पितळातून घरी येण्यापूर्वीच बाप हजेरीपटावर सही करीत असतो.

1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने आईला बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली. 2017 साली ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तीच मुदत कायम ठेवली. ही वाढ स्वागतार्हच होती. पण तीतून बापाच्या वाट्याला एक दिवसही आला नाही, आणि जेथे कामगार विमा योजना लागू नाही तेथे या रजेचा सारा पगार मालकाच्या खिशातून जातो. नुकतेच लग्न झालेल्या मुलीची मुलाखत घेताना तो मनात कोणता हिशेब मांडीत असतो, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जी सवलत एकट्या स्त्रीलाच मिळते, तिची किंमतही एकट्या स्त्रीलाच मोजावी लागते.

सरकारी नोकरीत स्थिती थोडी बरी. दोनहून कमी अपत्ये हयात असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यास पंधरा दिवसांची पितृत्वरजा आहे. त्याशिवाय स्त्री कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी साऱ्या सेवाकाळात मिळून 730 दिवसांची रजा 2008 पासून मिळू लागली. 2018 साली ती पुरुषांनाही खुली झाली. मात्र अविवाहित, विधुर वा घटस्फोटित पित्यांनाच. बायको हयात आहे आणि संसार नीट चालला आहे, तोवर मूल सांभाळणे हे बापाचे काम आहे असे सरकारला वाटत नाही. बायको गेली की तोच बाप दोन वर्षांच्या रजेस पात्र ठरतो! इतका करुण विनोद एखाद्या नाटककारालाही सुचला नसता.

दत्तक मुलाच्या बाबतीत तर 2017 च्या दुरुस्तीने मूल तीन महिन्यांहून लहान असेल तरच आईला बारा आठवड्यांची रजा देऊ केली. स्वाधीन केलेल्या अर्भकाच्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी साठ दिवस द्यावे लागतात. पुढे बालकल्याण समितीचे सोपस्कार असतात. मग तीन महिन्यांच्या आत मूल नव्या घरी पोचावे कसे? शिवाय दत्तक घेणाऱ्या आईला बाळंतपण नसते. तेथे रजा हवी ती मुलाला नव्या माणसांची ओळख पटावी म्हणून, आणि ती ओळख बापाशीही पटावयाची असते.

रजा मिळाली तर बाप तिठ्यावर गप्पा छाटीत बसेल, असा आक्षेप हमखास घेतला जातो. काही बसतीलही. आमच्या पिढीतील बापांनी बारशाचे पेढे वाटण्यापलीकडे फारसे काही केले नाही, हे कबूल केलेले बरे. स्वीडनने 1974 साली आईबापांना रजा वाटून घेण्याची मुभा दिली, तेव्हा तेथील बापांनीही ती बहुतांशी बायकोच्याच पदरात टाकली. मग 1995 साली तिच्यातील एक महिना प्रत्येकासाठी राखून ठेवण्यात आला. बापाने न घेतल्यास तो बुडणार. तेव्हा बाप घरी राहू लागले. आज तेथे एकूण 480 दिवसांपैकी प्रत्येकी नव्वद दिवस असे राखीव आहेत, आणि त्यांचा भार एकट्या मालकावर न पडता सामाजिक विम्यावर पडतो.

गोमंतकीयांस ही वाटणी अपरिचित वाटू नये. वेगळा करार केला नसेल तर येथे पतिपत्नी मालमत्तेत समान भागीदार असतात आणि भाटातील वीतभर जागा विकतानाही दोघांच्या सह्या लागतात. पर्वरी वा वास्कोच्या दोन खोल्यांत आज सासू नसते, माहेरची आई स्वतःच नोकरीत असते. शस्त्रक्रियेने बाळंत झालेली स्त्री रात्री मुलाला उचलून देण्यासाठी कोणाला हाक मारणार?

हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी 2017 साली पितृत्वरजेचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. मजूर हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्याला दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बापासाठी निदान एक महिना राखून ठेवावा, दत्तक मुलासाठीही तो तितकाच असावा, आणि त्याचा पगार मालक, कामगार व सरकार यांच्या वर्गणीच्या निधीतून द्यावा. असे विधेयक विधानसभेच्या येत्या अधिवेशनात यावे, अशी आमची मागणी आहे.