झेंड्याच्या टोकावर नेम

पट आणि फासे | साप्ताहिक सदर

मुलुंड-घाटकोपरच्या वन बीएचकेत वॉरहॅमर मांडायचा म्हणजे पहिली लढाई जागेशी. पूर्ण डावाचा पट 60 इंच लांब, 44 इंच रुंद. जेवणाचं टेबल पुरत नाही. मग त्यावर प्लायवूड टाका, सोफा भिंतीला लावा आणि घरच्यांना ‘संध्याकाळच्या आत आवरतो’ असं सांगा. संध्याकाळी आवरत नाही ते मात्र जागेमुळे नव्हे. एका गोळीवरून वाद लागलेला असतो, म्हणून.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटाएवढे सैनिक, स्वतः जोडलेले, बारीक ब्रशने स्वतः रंगवलेले. पुठ्ठ्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या पडक्या इमारती. टेपने इंच मोजून चाल, फासे टाकून नेम. बिल्डिंगच्या आवारात दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरांना मावळ्यांसोबत जाडजूड नियमपुस्तकही द्यावं, तसा हा प्रकार. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर 40,000’ 1987 साली आणला. आपल्याकडे खेळणारे मोजकेच, पण भांडतात हिरीरीने.

गोळीबाराचा मूळ नियम ऐकायला सोपा आहे: जे दिसतं त्यावरच गोळी झाडायची. घोडं अडतं ते ‘दिसतं’पाशी. 2008 च्या पाचव्या आवृत्तीने याचं रोखठोक उत्तर दिलं होतं. समोरच्याचं डोकं, धड, हात किंवा पाय दिसला पाहिजे. नुसतं हत्यार, अँटेना, पंख, शेपूट किंवा झेंडा दिसून भागत नाही. 2017 साली आठव्या आवृत्तीने पुस्तक सुटसुटीत केलं आणि ही यादी त्यात उडाली. शंका आली तर खाली वाका, नेमबाजाच्या मागून बघा, समोरच्या आकृतीचा कुठलाही भाग दिसला तरी पुरे. परिणाम काय? भिंतीआड सुरक्षित बसलेल्या सरदाराच्या पाठीवरच्या झेंड्याचं टोक वर डोकावलं, की सरदार गेला! ज्याने आठवडाभर खपून तो झेंडा रंगवला त्याचंच नुकसान, आणि ज्याने सगळे शिपाई गुडघ्यावर बसवून चिकटवले तो शहाणा. मला हा नियम आजही पटलेला नाही.

वाद कसा रंगतो ते एकदा जवळून बघावं. दोघं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवतात. एक डोळा मिटतात. तिसरा लेझर पॉइंटर काढतो. लाल ठिपका खिडकीच्या चौकटीवर थरथरतो, कारण धरणाऱ्याचा हातच स्थिर नसतो. मग मोबाइल पटावर आडवा ठेवून शिपायाच्या डोक्याच्या उंचीवरून फोटो काढायचा, दोन बोटांनी मोठा करायचा. पडद्यावर एक तपकिरी डाग. एक म्हणतो झेंड्याची काठी, दुसरा म्हणतो भिंतीचा रंग. चहा निवतो.

पूर्वी हे ठरवायला तिसरा माणूस असे. प्रशियाच्या सैन्यात 1824 च्या सुमारास राइसविट्झचा युद्धखेळ रुजला तो पंचासकट. पुढे त्याचे नियम इतके बोजड झाले, की 1876 साली फेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने नियम बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळायची पद्धत मांडली. एच. जी. वेल्सने 1913 च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये तर खरीखुरी स्प्रिंगची खेळण्यातली तोफ वापरली. शिपाई आडवा झाला की झाला. दिसत होता का हा प्रश्नच उरला नाही. वॉरहॅमरच्या पहिल्या पुस्तकातही खेळ चालवणारा तिसरा गृहीत होता. पुढे तो गळाला. आता जो गोळी झाडतो तोच वकील आणि तोच न्यायाधीश.

आणि वकील कसले! आठव्या आवृत्तीतलंच उदाहरण घ्या. गोळीबाराच्या पहिल्या पायरीवर लिहिलं होतं की या फेरीत धावलेली तुकडी गोळीबारासाठी निवडता येणार नाही. काही पानं पुढे ‘असॉल्ट’ जातीच्या बंदुकीबद्दल लिहिलं होतं, की ती बाळगणारा शिपाई धावल्यावरही गोळी झाडू शकतो. कायदेपंडितांनी काढलेली खोच अशी: शिपायाला परवानगी आहे, कबूल, पण तुकडीच निवडता येत नाही, तर शिपाई झाडणार कधी? अक्षराला धरून बघितलं तर युक्तिवाद बिनतोड आहे. पिस्तुलाचीही तीच गत. शत्रू एका इंचाच्या आत असताना चालवता यावं म्हणूनच पिस्तूल, आणि शत्रू तितका जवळ आला की तुकडी निवडायलाच बंदी.

या पेचावर आपल्याकडे फार जुना तोडगा आहे. मीमांसकांचा दंडक असा, की शास्त्रातलं वचन निरर्थक ठरेल असा अर्थ लावायचा नाही. आणि पतंजलीच्या महाभाष्यातला कौंडिण्य तर संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक. आता कौंडिण्यही ब्राह्मणच; पण म्हणून त्याला दही आणि ताक दोन्ही वाढत नाहीत. खास त्याच्यासाठी सांगितलेलं ताक सर्वसाधारण दह्याला बाजूला सारतं. असॉल्ट बंदूक हा कौंडिण्य आहे. मुंबई हायकोर्टात वकिली केलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेच्या या अर्थनिर्णयाच्या नियमांची सविस्तर चर्चा केली आहे. बंदुकीच्या पेचाला त्यातली एवढी दोन सूत्रं पुरतात. प्रकाशकांनीही 2020 च्या नवव्या आवृत्तीत तेच केलं: अशी बंदूक असलेली तुकडी धावली तरी निवडता येते, असं स्वच्छ लिहून टाकलं.

मग ‘लेखकाचा हेतू बघा’ म्हणणाऱ्यांचं खरं मानायचं का? तिथेही माझा हात आखडतो. लेखकाचा हेतू नेमका बोलणाऱ्याच्या फायद्याचा कसा निघतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. झेंड्याचंच बघा. माझा सरदार मरत असेल तर झेंडा म्हणजे नुसती सजावट, लेखकाला ती मोजायची नव्हतीच. तुमचा मरत असेल तर झेंडा घेऊन लपणं म्हणजे मूर्खपणा, आणि लेखकाला हे वास्तव दाखवायचं होतं. दोन्ही बाजू एकच माणूस एकाच दुपारी मांडतो.

म्हणून अर्थ ठरवायचा तो कोण मरणार हे कळायच्या आत. उपनगरातल्या कॅरमवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन 1988 साली स्थापन झालं. त्याच्या नियमांत राणीचे गुण तीन, घरोघरी मात्र पाच. तरीही बोरिवलीच्या एखाद्या बिल्डिंगखाली नवा भिडू बसला, की पावडर टाकता टाकता कुणीतरी विचारतंच, ‘राणी पाचाची ना?’ ब्रेक व्हायच्या आधी. राणी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबल्यावर हाच प्रश्न विचारला तर उत्तर कुठून येणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

नियमपुस्तक स्वतः एक पळवाट देतं: पटत नसेल तर दोघांनी फासा टाका, ज्याचा आकडा मोठा तो ठरवेल. दिसायला हे निःपक्षपाती आहे. पण हिशेब करा. ज्याचं म्हणणं वाजवी आहे त्यालाही निम्मी संधी आणि ज्याने भलताच अर्थ काढला त्यालाही निम्मी. म्हणजे वाट्टेल तो दावा ठोकायला काही खर्चच नाही. फासा पडला तर कमाई, नाही पडला तर जैसे थे. दोनच माणसं वारंवार समोरासमोर येत असतील, तर यातून सवय कसली लागेल? फासा फक्त डोळ्यांच्या वादासाठी ठेवावा. तो तपकिरी डाग काठी की भिंत, हे खरोखरच कुणी सांगू शकत नाही. तिथे टाका खुशाल. शब्दाचा अर्थ फाशाने ठरत नसतो.

नवव्या आवृत्तीने खिडक्यांचा त्रासही बराच कमी केला. पाच इंच किंवा जास्त उंचीचे ठराविक अवशेष मधे आले, की पलीकडचं प्रत्यक्ष दिसत असलं तरी दिसत नाही असं धरायचं. लगेच नवे प्रश्न आले, विमानं आणि अजस्र आकृत्यांना दिलेल्या सवलतींचे. येऊ देत. पट मांडून झाला की पहिला फासा हातात घेण्याआधी दोघांनी एक फेरी मारावी. ही भिंत आरपार दिसते की नाही, हा माळा मोजायचा की नाही, झेंडे धरायचे की सोडायचे. उत्तरं पेन्सिलीने एका कागदावर लिहून तो कागद फाशांच्या डब्यात टाकावा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि सोफा रात्रीच्या जेवणाआधी जागेवर जातो.