क्रूझर क्रूझरच राहू द्या

टायरवर 24 छापलेलं, रिमवरही 24. तरीही लिव्हर न लावता टायर अलगद चढला आणि तितक्याच अलगद उतरला. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नव्याने घरी आलेल्या क्रूझरसाठी एका दुकानातून घाईघाईत टायर आणला होता, तो निघाला 24 × 1 3/8 चा. त्याच्या कडेचा व्यास 540 मिमी, आणि क्रूझरच्या रिमचा 507. तब्बल 33 मिमीचा फरक, आणि नाव मात्र दोघांचं एकच, ‘चोवीस इंची’.

ही गोष्ट आज सांगण्याचं कारण, या हंगामात आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. मी माउंटन बाइक चालवतो, बीएमएक्स क्रूझर घेऊ का? घेतली तर कशी बघून घेऊ? विचारणारे नवखे नाहीत. सिंहगड आणि बोपदेव घाट ज्यांच्या पायांना पाठ आहेत, मुळशीकडच्या कच्च्या वाटा ज्यांनी पावसात तुडवल्या आहेत, अशी ही मंडळी. त्यांत प्रशिक्षक आहेत, दुकान चालवणारे मेकॅनिकही आहेत.

माझं उत्तर सरळ आहे. घ्या. पण घरी आणल्यावर तिची माउंटन बाइक करायला बसू नका. गिअर लावू, पुढे सस्पेन्शन टाकू, सीट उंच करू, हे जे हात शिवशिवतात ते आवरा. या तीन गोष्टी तिच्याकडे नाहीत म्हणूनच ती आपल्या कामाची आहे.

आधी नाव नीट समजून घेऊ. बीएमएक्सच्या शर्यतीत दोन जाती. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमाप्रमाणे 57 सेंमीपर्यंत व्यासाचं चाक असेल तर ती स्टँडर्ड, म्हणजे आपल्याला माहीत असलेली 20 इंची. चाक त्याहून मोठं, 26 इंचांपर्यंत, असेल तर ती क्रूझर, आणि व्यवहारात बहुतेक क्रूझर 24 इंचीच असतात. 2008 पासून ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सची शर्यत आहे, पण ती 20 इंचीवर. क्रूझर राहिली हौशी वयोगटांची, मोठ्या माणसांची. अमेरिकेत एसई रेसिंगने 26 इंची ‘ओएम फ्लायर’ काढली, त्यातलं ‘ओएम’ म्हणजे ‘ओल्ड मॅन’, संस्थापक स्कॉट ब्राइटहॉप्टचं टोपणनाव.

आणि आपला तिच्याशी असलेला संबंध तर याहून जुना आहे. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. माउंटन बाइकचा जन्म लोक तिथून धरतात. त्या उतारावर धावलेल्या सायकली म्हणजे श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरच्या क्रूझर. उतरताना मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर नवं भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच ‘रिपॅक’. पुढेही ही ये-जा थांबली नाही. 1991 चा क्रॉसकंट्री विश्वविजेता जॉन टोमॅक बीएमएक्समधून आला. फ्रान्सची अॅन-कॅरोलिन शोसाँ लहानपणी बीएमएक्स चालवायची, मग डाउनहिलमध्ये तिने वर्षानुवर्षं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, आणि 2008 मध्ये बीजिंगला महिलांचं पहिलं ऑलिंपिक बीएमएक्स सुवर्ण तिनेच नेलं.

आता गिअरचा हिशेब. क्रूझरला सहसा पुढे 44 आणि मागे 16 दाते असतात. पेडलच्या एका फेरीत ती पाच मीटरांहून थोडी जास्त पुढे जाते. तुमच्या 29 इंची बाइकवर पुढे 30 आणि मागे 50 दाते असतील तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये तेवढ्याच फेरीत दीड मीटरही होत नाही. म्हणजे वेताळ टेकडीच्या चढाला ही सायकल घेऊन गेलात तर निम्म्या वाटेत उतरून ढकलावी लागेल, आणि सीट इतकी खाली की बसून रेटायची सोयच नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. तिचं काम तीनचारशे मीटरांच्या ट्रॅकचं, तिथे पहिले दहाबारा पेडल उभं राहून जीव खाऊन मारायचे असतात. चढासाठी तुमच्याकडे दुसरी सायकल आहेच.

मग ती शिकवते काय? मुरुमाचा गुडघ्याखालचा एक उंचवटा डोळ्यांसमोर आणा. पुढचं चाक चढायला लागतं तेव्हा कोपर मऊ सोडायचे, हँडल छातीकडे येऊ द्यायचं. शिखर ओलांडलं की त्याच क्षणी हात आणि टाचा खाली दाबायच्या. वेळ जुळली तर पेडल न मारता सायकल पुढच्या उंचवट्याकडे ढकलली जाते. वेळ अर्ध्या क्षणाने चुकली तर हँडल मनगटात बसतं आणि वेग तिथेच मरतो. माउंटन बाइकवर हीच चूक 120 मिमीचा फोर्क मुकाट्याने गिळतो आणि आपल्याला वाटतं, बरं जमतंय. कडक चिमट्याची क्रूझर काहीही गिळत नाही. पुण्यात मी असे चांगले रायडर पाहिले आहेत, ज्यांची पाचसहा वर्षं सस्पेन्शनच्या भरवशावर गेली आणि साधा मॅन्युअल, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्यावर तोललेलं राहणं, जमला नाही. क्रूझरवर दोन महिन्यांत त्यांचे खांदे बदलले.

20 इंची का नको, असं कुणी विचारेल. पंधरा वर्षांच्या मुलाला तीच द्यावी, ती चपळ आहे आणि स्पर्धेचा रस्ताही तिथूनच जातो. पण 27.5 किंवा 29 इंची चाकावर वाढलेल्या प्रौढाला 20 इंची फार बिचकवते. चाकांमधलं अंतर कमी, वजन जरा पुढे गेलं की नाकावर. 24 इंची त्यामानाने क्षमाशील आहे, खडबडीत जमिनीवरून नीट वाहते आणि हवेत सरळ राहते. सुटताना ती जड वाटते, तेवढं सोसावं लागतं. 26 इंची डर्ट जंप बाइक हा तिसरा मार्ग, पुढे थोडं सस्पेन्शन आणि एकच गिअर. पुण्यातल्याच सायनाइड बाइक्सने ‘फ्युरान’ ही दणकट हार्डटेल काढली, तेव्हा इथल्या पोरांना पहिल्यांदा आपल्या गावची, उड्या मारायला घडवलेली सायकल दिसली. उड्याच मारायच्या असतील तर डर्ट जंप घ्या. हातपाय घडवायचे असतील तर क्रूझर.

माप निवडताना माउंटन बाइकची सवय आड येते. आपण सीट-ट्यूब बघतो. इथे सीटला महत्त्व नाही, बघायची ती वरची दांडी किती लांब आहे ते. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला ‘प्रो’ आणि पावणेसहाच्या वर ‘प्रो एक्सएल’ हा ढोबळ अंदाज. कंपनीगणिक तो हलतो, म्हणून उभं राहून चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. गुडघा हँडलला लागला तर एक माप वर जा.

मेकॅनिक मित्रांसाठी थोडं सविस्तर. तुमच्या कपाटातले बहुतेक सुटे भाग तिला बसणार नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. मागच्या हबची रुंदी 110 मिमी, माउंटन बाइकची 135 किंवा नव्या बूस्टची 148. त्यामुळे चाक बदलून भागत नाही. तळच्या बेअरिंगचे प्रकार चारपाच: 51.3 मिमीचं अमेरिकन, 41.2 चं मिड, 37 चं स्पॅनिश, आणि आपल्या ओळखीचं 68 मिमीचं आट्यांचं युरो. दोन फ्रेम सारख्याच आवडल्या तर युरोची घ्या. तो बीबी आपल्याकडे कुठेही मिळतो आणि माउंटन बाइकचे कितीतरी क्रँक त्याला लागतात. लहान मुलांच्या सायकलींतल्या एकसंध क्रँकची, छर्रे मोकळे सोडलेली फ्रेम मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी उडीसाठी घेऊ नका. तिचा चिमटा वाकतो, आणि वाकण्यापूर्वी इशारा देत नाही.

टायरबाबत रिमवरचे इंच वाचूच नका, कडेला बारीक अक्षरांत कोरलेला आकडा वाचा. 507 असेल तर आपण सुखी: मुलांच्या 24 इंची रेंजर छापाच्या सायकलींचा तोच आकडा, ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही मिळते. काही हलक्या शर्यती क्रूझर 520 च्या अरुंद रिमवर येतात. त्यांचा टायर फाटला की सायकल भिंतीला टेकून राहते. जुनी सायकल घेताना हा एक आकडा बघितला तरी निम्मा मनस्ताप वाचतो.

पुढे सस्पेन्शन फोर्क टाकण्याबद्दल वेगळं सांगतो, कारण हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. फोर्क उंच, म्हणून सायकलचं नाक वर जातं, हँडल आळशी होतं, पेडल जमिनीपासून उचललं जातं. ज्या चपळाईसाठी ती घेतली तीच जाते. आणि फ्रेमच्या मानेवर असा ताण येतो ज्यासाठी ती बनलेलीच नाही.

शर्यती क्रूझरला बहुधा फक्त मागचा ब्रेक असतो. कर्वे रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीतून ती मैदानापर्यंत चालवत नेऊ नका. गाडीच्या कॅरिअरवर न्या, नाहीतर पुढचा ब्रेक बसेल असा चिमटा निवडा.

आता जागेचा प्रश्न, आणि इथे मला कळकळीने बोलायचंय. टेकड्यांवर उंचवटे खणू नका. वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण ही या शहराची शेवटची मोकळी जमीन. पहाटे तिथे आजी-आजोबा फिरतात, गवतात पक्षी घरटी करतात. पावसाळ्यात खणलेला एक खड्डा पुढच्या पावसात ओघळ होतो आणि तिसऱ्या वर्षी वाटच वाहून जाते. ज्या टेकडीने आपल्याला सायकल शिकवली तिचं अंग आपणच सोलायचं, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा शाळेच्या किंवा सोसायटीच्या मैदानाचा कोपरा परवानगीने मागा. काळी माती वापरू नका. ती पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते. आपल्या बेसाल्टचा मुरूम चाळून घ्या, त्यात थोडी चिकणमाती मिसळा. उंचवटा 30 सेंमीचा असेल तर दोन शिखरांत 3 मीटर अंतर ठेवा, म्हणजे उंचीच्या दहापट. पाऊस ओसरल्यावर, मुरूम आतून ओला असतानाच तो दाबा. ऑक्टोबरच्या उन्हाने वरचा थर कोरडा पडला की मग कितीही चोपला तरी धरत नाही.