रांगोळीतले हक्क

दरवर्षी १० डिसेंबर उजाडला की आमच्या नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत मानवी हक्क साजरे होतात. सकाळी प्रतिमापूजन, मग प्रमुख पाहुण्यांचे भाषण, दुपारी रांगोळी, भित्तिपत्रक आणि घोषवाक्य स्पर्धा. रांगोळीत तराजू असतो, कबुतर असते, तुटलेली साखळी असते. छायाचित्रे निघतात, नॅकच्या फाइलला लागतात आणि संध्याकाळी शिपाई रांगोळी झाडून टाकतो. ‘कलेच्या माध्यमातून मानवी हक्कांचे शिक्षण दिले’ असा अहवाल आम्हीच लिहितो. गेली पंधरा-सोळा वर्षे लिहीत आलो आहोत. तेव्हा पुढील टीकेतून आम्ही स्वतःला वगळलेले नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

त्या रांगोळीतली साखळी कोणाच्या पायातली, ती कोणी घातली, हे तिच्यात कुठेच नसते. निनावी अन्यायाचे निनावी निवारण, असे हे शिक्षण आहे. ते कोणाला दुखवत नाही, म्हणूनच ते सर्वांना चालते.

वास्तविक या भूमीत कला हे हक्क शिकवण्याचे नुसते माध्यम कधीच नव्हते. कलेचा हक्क हाच इथे भांडणाचा विषय होता. १९३८ साली औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. निजामी राजवटीने त्यांना महाविद्यालयांतून काढले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर दहा वर्षांनी, १९४८ साली आला. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात भट-सावकार आणि शेतकरी यांचे सवाल-जबाब उभे केले. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तोच फड आंबेडकरी विचाराकडे नेला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना हक्काची ओळख या फडांनी करून दिली. आमच्या अभ्यासक्रमात जलसा येतो तो पाच गुणांच्या टिपेपुरता. तो कोणी करून पाहत नाही.

पुढचा इतिहास तर आमच्या उंबरठ्यावरचा आहे. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्या हिंसाचारात मारले गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आमचे नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले. या दोन तारखांतला संबंध आमच्या पदवीच्या वर्गात किती जणांना सांगता येतो, हे आम्ही विचारून पाहिले आहे. उत्तर इथे लिहिण्यासारखे नाही.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे अक्षय भालेराव या चोवीस वर्षांच्या तरुणाची हत्या झाली. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याच्या रागातून ती झाली, अशी तक्रार आहे. जयंतीची मिरवणूक म्हणजे तरी काय? वाद्ये, गाणी, नाच, झेंडे. आपल्याच गावच्या रस्त्यावर गाण्या-नाचण्याचा हक्क कोणाला आहे, हा प्रश्न १९३८ इतकाच आजही जिवंत आहे. त्याच्यापुढे आम्ही कबुतराची रांगोळी ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी एक पथनाट्य रचायला घेतले. गावातल्या मिरवणुकीने कोणत्या गल्लीतून जावे, एवढाच विषय. वस्तीतल्या मुलाला पोलीस पाटील केले आणि पाटलाच्या मुलाला अडवला जाणारा कार्यकर्ता. दुसऱ्या दिवशीच वाद झाला: परवानगी कोण देतो, नाकारायची तर लेखी कारण द्यावे लागते की नाही? मुले पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आली. पाटलाचा मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी आपले संवाद त्याने स्वतः बदलून आणले. तेवढ्यात वरून निरोप आला की विषय संवेदनशील आहे, वृक्षारोपणावर करा. मुलांनी वृक्षारोपणावर केले आणि बक्षीसही आणले. परतीच्या बसमध्ये एकाने विचारले, “सर, आपलं पहिलं नाटक केलं असतं तर नंबर आला असता का?” उत्तर आम्हाला ठाऊक होते. आम्ही दिले नाही.

इंग्रजांचा १८७६चा नाट्यप्रयोग कायदा २०१८ साली रद्द झाला. आमच्या कार्यालयांतून तो अद्याप रद्द व्हायचा आहे.

यावर नेहमीचे आक्षेप ठरलेले आहेत. कलेला प्रचाराला जुंपू नये, हा पहिला. मान्य, पण प्रचार तर घोषवाक्य स्पर्धेत आहे. नांदेडच्याच दत्ता भगतांचे ‘वाटा पळवाटा’ पाहावे. काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण अर्जुन या तिघांच्या भूमिका तिथे एकमेकींना छेद देतात आणि नाटककार घोषणा हाती देत नाही. त्यातला प्राध्यापक तर आम्हा प्राध्यापकांना अस्वस्थ करायला पुरेसा आहे. दुसरा आक्षेप लातूरकडून येतो: अकरावी-बारावीच्या मुलांना वेळ कुठे आहे? पण शिकवणी आणि खोली यांच्यामध्ये येरझाऱ्या घालणारी हीच मुले उद्या डॉक्टर, अधिकारी होणार आहेत. तक्रार घेऊन आलेला माणूस त्यांच्यासमोर उभा राहील, तेव्हा ‘लातूर पॅटर्न’ त्यांना काय सांगणार?

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. अशा नाटकांत दलित मुलांना स्वतःच्या जखमा लोकांपुढे मांडाव्या लागतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. हे घडते, आम्ही पाहिले आहे. म्हणून अट एकच असावी: कोणालाही स्वतःचे दुःख सादर करायला सांगू नये. भूमिका उलटसुलट द्याव्यात. अवघडलेपण ज्याच्या वाट्याला कधी आले नाही, त्याच्याकडे ते जावे. वरच्या तालमीत तेच घडत होते.

आमची मागणी मोठी नाही. येत्या १० डिसेंबरला रांगोळी स्पर्धेऐवजी मुलांना एक मोकळा वर्ग आणि पंधरा दिवसांची तालीम द्यावी. विषय त्यांनी ठरवावा. संहिता आधी कोणी तपासू नये. प्रयोगानंतर हवे तेवढे भांडावे. अहवालाला जोडायला छायाचित्र मिळाले नाही, तर तो दोष आम्ही आमच्या नावावर घेऊ.