वरकड म्हणजे टाकाऊ नव्हे

दर वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेलावेअर उपसागरात रेड नॉट नावाच्या पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. आकाराने साळुंकीएवढा असलेला हा पक्षी विणीच्या दिवसांत छातीवर विटकरी रंग घेऊन येतो. त्याच्या ‘रूफा’ या उपजातीचे बरेच पक्षी उत्तरेतील हिवाळ्याचे महिने दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, तिएरा देल फ्युगोच्या किनाऱ्यावर घालवतात आणि अंडी घालण्यासाठी कॅनडाच्या ध्रुवीय माळांवर जातात. एका खेपेचे हे अंतर सुमारे 15 हजार किलोमीटर भरते. 1995 मध्ये अर्जेंटिनात पायात कडे अडकवलेला ‘बी-95’ हा पक्षी 2014 पर्यंत निरीक्षकांना दिसत राहिला. त्याच्या जन्मभराच्या उड्डाणांची बेरीज चंद्रापर्यंतच्या अंतराहूनही अधिक होते.

एवढ्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. लांबच्या झेपेपूर्वी पक्षी ती साठवतो आणि ओझे हलके व्हावे म्हणून त्याची पचनेंद्रिये आक्रसतात. एरवी शिंपले सगळेच्या सगळे गिळून पोटात भरडणारा हा पक्षी डेलावेअरला पोहोचतो तेव्हा कठीण अन्न पचवण्याच्या स्थितीत नसतो. त्याला मऊ, सकस आणि मुबलक अन्न हवे असते आणि तेही दोन आठवड्यांच्या आत. एवढ्या अवधीत वजन जवळजवळ दुप्पट करून 180 ग्रॅमपर्यंत न्यायचे असते. ते साधले नाही तर पुढची वीण आणि खुद्द पक्ष्याचे जगणे, दोन्ही धोक्यात येतात. कारण ध्रुवीय उन्हाळा कोणासाठी थांबत नाही.

हे अन्न पुरवतो तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा, म्हणून नालखेकडा म्हणता येईल असा, एक प्राचीन प्राणी. वस्तुतः तो खेकडा नव्हे. कोळ्याशी त्याचे नाते अधिक जवळचे. मे-जूनमधील पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला माद्या वाळूत शिरून अंडी पुरतात. एक मादी हंगामात सुमारे 80 हजार अंडी घालते. परंतु पुरलेली अंडी रेड नॉटच्या आखूड चोचीला लाभत नाहीत. किनाऱ्यावर माद्यांची दाटी झाली की मागून येणारी मादी आधीची घरटी उकरते, लाटा वाळू ढवळतात आणि उघडी पडलेली अंडी वर येतात. ही अंडी सुकून वाया जाणारच असतात. नालखेकड्याच्या वंशवृद्धीच्या दृष्टीने ती वरकड होत. पक्ष्यांचा संसार मात्र या वरकडीवरच उभा आहे.

येथेच हिशेब चुकला. 1990 च्या दशकात वाम मासे आणि मोठे समुद्री शंख पकडण्यासाठी सापळ्यांत घालायचे आमिष म्हणून नालखेकड्यांची मागणी वाढली आणि ते लाखोंनी उचलले गेले. अंडी भरलेल्या माद्यांना विशेष पसंती होती. तिएरा देल फ्युगोच्या किनाऱ्यांवरील गणतीत 2000 मध्ये 50 हजारांहून अधिक रेड नॉट होते. 2011 मध्ये ते 10 हजारांच्या आत आले. या घसरणीला इतरही कारणे आहेत. ध्रुवप्रदेशातील बदलते हवामान आणि दक्षिण अमेरिकेतील शिकार ही त्यांपैकी होत. तथापि वाटेतील शिदोरीच आटली हे कारण त्यांत प्रमुख मानले जाते.

मत्स्यव्यवसायाच्या नियोजनात मूळ साठा कायम राहील एवढीच पकड करावी, असे तत्त्व आहे. बँकेतील मुद्दल न मोडता व्याजावर निर्वाह करणाऱ्या निवृत्त कारकुनाला ते सहज पटेल. परंतु त्या व्याजावर आणखी कोणाचे घर चालत असेल तर? नालखेकडे टिकून राहतील इतपत पकड केली, तरी किनाऱ्यावरची दाटी मोडते आणि दाटी मोडली की वर येणारी अंडी घटतात. खेकडा वाचतो, पक्षी मरतो. ‘जास्तीचे’ म्हणून जे उचलले गेले, ते दुसऱ्याच्या ताटातले होते. बाजारात आमिषाला भाव आहे, अंड्याला नाही. म्हणून हा तोटा कोणाच्याही खातेवहीत चढला नाही.

उशिरा का होईना, शहाणपण सुचले. न्यू जर्सी राज्याने 2008 मध्ये पकड बंद केली. 2012 मध्ये अटलांटिक राज्यांच्या मत्स्य आयोगाने खेकड्यांचा कोटा पक्ष्यांच्या संख्येशी जोडला आणि 2013 पासून उपसागरातील माद्यांचा कोटा शून्य ठेवला. डिसेंबर 2014 मध्ये अमेरिकी सरकारने ही उपजाती संकटग्रस्त म्हणून जाहीर केली. पुढे 2022 मध्ये सुधारित गणिती पद्धत आली आणि माद्यांची मर्यादित पकड चालू शकेल, असे तिचे उत्तर निघाले. लोकांच्या तीव्र विरोधानंतर आयोगाने कोटा शून्यच ठेवला, हे योग्यच झाले. मादी वयात यायला सुमारे 10 वर्षे लागतात. आजची चूक दशकानंतर कळते. शिवाय 2021 च्या मे महिन्यात उपसागरावर 7 हजार रेड नॉटही मोजले गेले नव्हते. अशा स्थितीत गणिताने दिलेली सवलत वापरलीच पाहिजे असे नाही.

मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही. त्यांना नरांची पकड मोकळी आहे. आमिष कमी लागेल असे सापळेही वापरता येतात. औषध-उद्योगाकडे तर तेवढीही सबब उरलेली नाही. इंजेक्शनांत जिवाणूंचे विष आहे की नाही हे तपासण्यासाठी नालखेकड्यांचे निळे रक्त काढतात आणि त्यात काही खेकडे दगावतात. या रक्तातील घटकाला सिंगापूरच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात कृत्रिम पर्याय शोधला. युरोपच्या औषधसंहितेने तो 2021 मध्ये, तर अमेरिकेच्या औषधसंहितेने 2025 मध्ये अमलात आलेल्या नियमाने मान्य केला. आता उणीव आहे ती जुनी सवय सोडण्याची.

निसर्गातील कोणतीही वस्तू ‘शिल्लक’ ठरवण्यापूर्वी तिच्यावर कोण जगते हे विचारले पाहिजे आणि शिल्लक खरोखर शिल्लकच आहे हे सिद्ध करण्याचे ओझे उचलणाऱ्यावर असले पाहिजे. कारण पाहुण्याला तक्रार नोंदवता येत नाही. तो फक्त पुढच्या मे महिन्यात येत नाही.